विंडोजच्या लोगोवरच अडकतो, मदरबोर्ड बदलायचा का?

सेवाकेंद्र_अमळनेर:
राम राम मंडळी. दुकानातला डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सुरू केला की निळा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरत राहतात आणि गाडी तिथेच थांबते. कधी दहा-पंधरा मिनिटांनी उघडतो, कधी बटण दाबून बंद करावा लागतो. दुपारी त्रास जास्त. फॉरमॅट करूनही फरक नाही. मेकॅनिक म्हणतात मदरबोर्ड गेला. पीकविमा, दाखले सगळं याच्यावरच चालतं, म्हणून खर्चाआधी विचारतोय.

तापीकाठ:
भाऊ, मदरबोर्डाचं नाव एवढ्यात घेऊ नका. आधी अडकतो तेव्हा नेमकं काय होतं ते बघा. कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आणि ठिपकेही फिरतायत, तर मशीन जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतंय. ठिपके गोठले आणि दिवाही हलेना, तर रॅम, प्रोसेसरची उष्णता किंवा सप्लाय (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा, एसएमपीएस) तपासा. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा सलग पेटलेला आहे का, तेही बघा. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, पेनड्राइव्ह काढून फक्त कीबोर्ड-माऊसवर एकदा सुरू करा.

सेवाकेंद्र_अमळनेर:
सगळं काढलं, तरी तेच. ठिपके फिरतात, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, हार्डडिस्कचा दिवा सलग पेटलेला.

तापीकाठ:
मग डिस्ककडून उत्तर येत नाहीये. दोष डिस्कचा, केबलचा नाहीतर सप्लायचा. आता एक गोष्ट अजिबात करू नका: चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा) ‘आर’ लावून, म्हणजे अख्खी डिस्क वाचायला लावून, चालवू नका. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर तासन्‌तास वाचून वाचून ती तिथेच संपते. आधी कामाच्या फाइल्स दुसरीकडे घ्या.
मशीन उघडेल तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवा. उघडतच नसेल तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, तब्येतीच्या नोंदी डिस्कच्या आतच असतात. चार ओळी बघायच्या: ०५, सी५, सी६ आणि सी७. पहिल्या तिन्हींपैकी कुठेही शून्याहून मोठा आकडा असेल तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय. त्या शून्य आणि फक्त सी७ मोठा असेल तर डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा बिघडतोय, म्हणजे बहुतेक वेळा केबल. रॉ व्हॅल्यू, म्हणजे त्या ओळीतला मूळ आकडा, सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) दिसते. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरमधून ती दशमान करून घ्या, नाहीतर आकडा चुकीचा वाचाल.

जिनिंगरोड:
सप्लाय विसरू नका. साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टच्या लाइनवर दोनेक अँपिअर खेचते. सगळ्यात मोठा भार सुरुवातीलाच. एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेले असतील, त्यात दुपारी कूलरमुळे लाइन पडलेली असेल, तर तिथेच दम सुटतो. मशीन चालू ठेवून चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मोजताना प्रोब एकमेकांना टेकवू नका.
कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या हीटसिंकमधला कापसाचा तंतू काढा. आपल्याकडे जिनिंगजवळच्या दुकानांत नमद्यासारखा थर बसतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

सेवाकेंद्र_अमळनेर:
०५, सी५, सी६ शून्य. सी७ दशमानमध्ये २,३१८. सप्लाय ११.९ आणि ५.०. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची बिघाडांची नोंदवही) सिस्टिमखाली १२९ नंबरची वॉर्निंग पुन्हा पुन्हा दिसते.

तापीकाठ:
चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. १२९ म्हणजे डिस्ककडून उत्तर न आल्याने कंट्रोलरने (बोर्डावरचा डिस्कशी बोलणारा भाग) तिला रीसेट केलं. प्रत्येक वेळी विंडोज काही सेकंद थांबतं, असे रीसेट साठले की दहा मिनिटं जातात. फॉरमॅटने केबल बदलत नाही, म्हणून फरक पडला नाही.
प्लग काढून साटा केबल (डिस्क आणि बोर्डामधली डेटाची केबल) नवी घ्या, क्लिपवाली, आखूड. बोर्डावरचं पोर्टही बदला आणि डिस्कचा पॉवर कनेक्टर दुसरा लावा. सी७ चा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे २,३१८ लिहून ठेवा. पुढचे आठ दिवस, विशेषतः दुपारी, तो तिथेच राहिला तर काम झालं. वाढला तर तीच डिस्क दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. तिथेही वाढला तर डिस्कचं सर्किट, तिथे थांबला तर मात्र बोर्डाचा कंट्रोलर.
आणि डिस्क जुनी आहेच, तर २५६ जीबीची एसएसडी बघून ठेवा.