अबुधाबीत एकाच वेल्डिंगला तीन पगार कसे?

शिरोलीचा_वेल्डर:
आयटीआय झालंय, शिरोली एमआयडीसीत 3 वर्षं फॅब्रिकेशन. अबुधाबीची ऑफर आलीय, एकूण 1500 दिरहॅम, खोली कंपनीची. त्याच साइटवर फिलिपिनो वेल्डरला जास्त आणि नेपाळी पोराला कमी, हे एजंटच सांगतोय. हे कायद्यात बसतं काय? आणि पगार वाढवायचा तर जोर कुठं लावायचा?

हिशेबी_माणूस:
बसत नाही. युएईच्या 2021 च्या कामगार कायद्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यावरून भेदभावाला बंदी आहे. पण दर ठरतो माणूस जिथनं उचलतात तिथं. परदेशी कामगाराला तिथं किमान वेतन ठरलेलं नाही, त्यामुळं एजंट आधी गावाकडचा पगार विचारतो आणि त्यावर थोडं चढवतो. फिलिपिन्स सरकार करार तपासल्याशिवाय माणूस सोडत नाही. आपल्या सरकारनं आखातात जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी स्वतः ठरवलेले किमान वेतनाचे आकडे सप्टेंबर 2020 मध्ये उलट खाली आणले होते, ओरड झाल्यावर 2021 मध्ये मागं घेतले. कतारनं मात्र मार्च 2021 पासून सगळ्या देशांच्या कामगारांना एकच किमान लावलंय: 1000 रियाल, कंपनीनं सोय केली नाही तर राहण्याचे 500 आणि जेवणाचे 300 वेगळे.
म्हणून मुलाखतीत "आत्ता किती मिळतं?" याचं उत्तर रुपयात देऊ नका. साइटचा दर विचारा.

पाईपलाईन_6जी:
1500 वर भुलू नका, बेसिक म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार किती ते बघा. ओव्हरटाईम आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर. बेसिक 800 असेल तर 30 दिवस, 8 तासांच्या हिशेबानं तासाला 3.33, सव्वापट ओव्हरटाईम 4.17 दिरहॅम. बेसिक 1200 असेल तर 6.25. महिन्याला 50 तास धरा: 208 विरुद्ध 312. ग्रॅच्युइटी पहिली 5 वर्षं वर्षाला 21 दिवसांची, म्हणजे 560 विरुद्ध 840. एकूण आकडा तोच, पदरात पडतं वेगळं.
दुसरं, पासपोर्टनं पडणारा फरक हाताला सर्टिफिकेट असलं की बराच आटतो. प्लेटवर उभा जोड मारणारा 3जी वेल्डर ढिगानं मिळतो. 6जी म्हणजे 45 अंशात घट्ट बांधलेला पाईप, न फिरवता पूर्ण गोल मारायचा, रूट म्हणजे तळाचा पहिला थर टिगनं (आर्गॉन वेल्डिंगनं). पोरं बहुतेक रूटलाच मार खातात: दोन पाईपांतला गॅप कमी ठेवला की पेनिट्रेशन अर्धवट राहतं, म्हणजे धातू तळापर्यंत पोचत नाही, आणि एक्स-रेत काळी रेघ दिसते. आणखी एक, त्या प्रक्रियेनं 6 महिने वेल्डिंग केलं नाही तर सर्टिफिकेट बाद. शिरोलीत नुसतं कोटू (CO2 गॅसवरचं वायर वेल्डिंग) मारत बसलात तर टिगचं गेलंच.

कागदपत्रवाला:
एजंटची फी जास्तीत जास्त 30,000, जीएसटी धरून 35,400, आणि पावती घ्या. त्याचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. दहावी पास असाल तर पासपोर्ट ईसीएनआर निघतो, म्हणजे कामाला जायला सरकारी परवानगी लागत नाही. ईसीआर असेल तर त्या परवानगीशिवाय सोडत नाहीत. परवानगीसोबत प्रवासी भारतीय बीमा येतो, 2 वर्षांचे 275 रुपये, संरक्षण 10 लाख. "आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथं बदलू" म्हणाला की विषय संपला.

रांगडा_गडी:
तिकडं भेदभाव म्हणून रडायचं आणि इकडं बिहारी पोरं येऊन आमचे दर पाडतात ते?

हिशेबी_माणूस:
दर ठेकेदार पाडतो ओ. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात सारख्या कामाला स्थानिकाइतकाच पगार असं स्पष्ट होतं, पण फाउंड्रीत ठेकेदार माणूस रोजावर घेतोय का नगावर, हे बघतं कोण? 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतलीय. तेव्हा 5 स्थलांतरित असले की लागू व्हायचा, आता 10 लागतात. फाउंड्रीत साचे भरणाऱ्या बिहारी मोल्डरचा दर शिरोलीत नाही, त्याच्या गावात ठरतो. तुमचा शिरोलीत ठरतोय तसाच.

शिरोलीचा_वेल्डर:
बेसिक 800 च लिहिलंय. एजंट म्हणतो तिकडं गेल्यावर वाढवून देतात.

कागदपत्रवाला:
ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं, ते मागून घ्या. तिकडचा करार त्याच आकड्यांवर होतो. वाढवायचं ते सहीच्या आधी, कागदावर.