गरम झाली की सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही: जुनी मारुती ८००, मदत हवी

अंबानगरीकर

मंडळी, गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). वडिलांनी घेतलेली. पासिंग नुकतंच पुन्हा करून घेतलंय, त्यामुळे ‘भंगारात द्या’ हा सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

त्रास असा आहे. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. अंबाजोगाईहून लातूरपर्यंत मिसिंग नाही, ओढ कमी नाही, टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर जात नाही. बंद करून लगेच सेल्फ मारला तरी होते. पण रेणापूरला चहाला थांबलो, दहा-पंधरा मिनिटं गेली, की संपलं. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. पेट्रोलचा वास सुटतो. बॉनेट उघडून तासभर सावलीत ठेवली की जणू काही झालंच नव्हतं. परळीहून घाट चढून वर आल्यावर तर हमखास. हिवाळ्यात जवळजवळ नाहीच. होळी झाली की सुरू. ॲव्हरेजही थोडं पडलंय.

मिस्त्रीनं कॉइल, प्लग, प्लगच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटर खोलून धुतला. फरक शून्य. आता म्हणू लालाय इंजिनावरचा पेट्रोल पंप बदला. दुसरा म्हणतो हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळं, इलाज नाही. सासरे म्हणतात पंपावर ओलं फडकं टाका. टाकलं, कधी होते, कधी नाही.

सुटे भाग लातूरला मिळतात, पण अंदाजानं एकेक बदलत बसायचं नाही. आधी नेमकं काय बघू?

गोदाकाठ, नांदेड

दादा, कामून एवढा खर्च करायलात? एअर लॉक हाय ते. आमच्या ओमनीला बी व्हायचं. ओलं फडकं टाकायचं, वीस मिनिटं थांबायचं, तंबाखू मळायची. उन्हाळा हाय, गाडीला बी दम लागतो.

जुना गॅरेजवाला

एअर लॉक असेल किंवा बरोबर उलटंही असेल, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. म्हणून पंपाला हात लावू नका अजून.

गाडी चालू असते तोवर पाणी फिरतं, बॉनेटखाली वारा येतो आणि टाकीतून येणारं ताजं पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतं. बंद केली की तिन्ही थांबतात, पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची आग वर चढत राहते. त्यामुळं बंद केल्यावर दहा ते वीस मिनिटांत कार्बोरेटर चालू असतानापेक्षा जास्त तापतो. लगेच चालू होते आणि चहा झाल्यावर होत नाही, त्याचं कारण हेच. पेट्रोलमधले हलके भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. मग दोनपैकी एक होतं. पाईपात किंवा पंपात वाफ धरली तर कार्बोरेटरला पेट्रोलच पोचत नाही, हा एअर लॉक. नाहीतर कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं (पेट्रोल साठतं ती) पेट्रोल चुलीवरच्या दुधासारखं उतू जातं आणि जेटातून, म्हणजे बारीक भोकातून, खाली इंजिनात जाणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये गळतं. तेव्हा इंजिन कोरडं नसतं, बुडालेलं असतं.

तुम्हाला वास येतो, ॲव्हरेज पडलंय, फडक्याचा भरवसा नाही. माझा कौल दुसऱ्या कारणाकडं, बुडण्याकडं आहे. पण कौलावर पैसे घालू नका, बघा. गाडी पकडत नसेल तेव्हाच एअर क्लीनरचं झाकण काढा, सेल्फ न मारता टॉर्चनं कार्बोरेटरच्या तोंडात बघा. आत पेट्रोलचे थेंब पडत असतील, भिंती ओल्या असतील, तर बुडाली. कोरडी असेल तर ॲक्सिलरेटर हातानं एकदा ओढा; आत पिचकारी उडाली नाही तर वाटी रिकामी, म्हणजे एअर लॉक. पिचकारी नीट उडते, ओलंही नाही, तरी पकडत नाही, मगच करंटकडं, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडं वळायचं. कॉइल नवी असली तरी कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप गरम झाल्यावर दगा देतो. प्लग काढून करंट बघायचा असेल तर कार्बोरेटरपासून लांब धरा. आणि गरम इंजिनवर कुणी बाटलीनं पेट्रोल ओतायला लागला तर त्याला आधी बाजूला करा. गाड्या पेटतात त्या अशा.

बुडालेली निघाली तर तोवर अशी चालू करा: चोक पूर्ण आत. ॲक्सिलरेटर हळूच तळाला टेकवा आणि तसाच दाबून ठेवा, पंपिंग करू नका. दर दाबाला आणखी एक पिचकारी आत जाते. सेल्फ थोडा थोडा मारा. पकडली की काळा धूर निघेल, मग पाय सावकाश सोडा.

बालाघाट

इथेनॉलबद्दल. देशभर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. त्यानं पेट्रोलची वाफ व्हायची सवय वाढते हे खरं, जुनं रबर फुगतं हेही खरं. पण माझ्या लहानपणी, साध्या पेट्रोलवर, आमची प्रीमियर पद्मिनी गाडी तुळजापूरच्या वाटेवर दर उन्हाळ्यात हाच खेळ करायची. नव्या पेट्रोलनं जुनं दुखणं वर काढलं, एवढंच. ‘इलाज नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला बघायचा कंटाळा असतो.

अंबानगरीकर

काल दुपारी मुद्दाम परळीला जाऊन आलो. घाट चढून वर आलो, सावली न बघता लावली, थोडं थांबून झाकण काढलं. गॅरेजवाले म्हणतात तेच. मधल्या नळीतून टपटप थेंब, खाली सगळं ओलं. ॲक्सिलरेटर तळाला ठेवून सेल्फ मारला, काळ्या धुराचा लोट सोडून चालू झाली. फडक्याची गरज पडली नाही. आता हे गळणं थांबवायचं कसं? वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी निडल बदलू का?

जुना गॅरेजवाला

निडलच्या आधी एक फुकटची तपासणी. पुढच्या वेळी गाडी बंद केल्याबरोबर पंपाकडून कार्बोरेटरला येणारा रबरी पाईप फडकं गुंडाळून पक्कडीनं हलकेच दाबून धरा. थेंब थांबले तर पाईपात तापून फुगलेलं पेट्रोल निडलला ढकलून आत घुसतंय. तो दाब टाकीकडं परत जावा म्हणूनच रिटर्न पाईप असतो. तो बंद आहे का बघा. टाकीचं झाकण उघडा, रिटर्न पाईप इंजिनाकडून सोडवा, सायकलच्या पंपानं हवा मारा. टाकीत बुडबुडे ऐकू आले पाहिजेत. तोंडानं फुंकू नका.

पाईप दाबूनही थेंब पडतच राहिले तर वाटीतच उकळतंय. मग फ्लोटची लेव्हल आणि कार्बोरेटरखालचं जाड बेकलाइटचं पॅकिंग बघायचं. कार्बोरेटर धुताना कुणी ते काढून साधं कागदी पॅकिंग टाकलं असेल तर आग सरळ वर येते.

अंबानगरीकर

पाईप दाबला, थेंब जवळजवळ थांबले. रिटर्न पाईपात हवा जाईना. लोखंडी नळी मोकळी निघाली, इंजिनाजवळचा वीतभर रबरी तुकडा बंद होता. बाहेरून ठणठणीत, कापला तर आतून फुगून भोक मिटलेलं! बेकलाइटचं पॅकिंग जागेवर आहे. सध्या घरात होता तो तुकडा लावलाय. रेणापूरला थांबलो, चहा झाला, दुसऱ्या सेल्फला पकडली. पहिल्याला नाही.

जुना गॅरेजवाला

घरातला तुकडा काढा, तो पेट्रोलचा आहे की पाण्याचा ते कुणाला ठाऊक. ‘एसएई जे३० आर९’ छापलेला पाईप मागा, इथेनॉलला टिकतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदमच बदला, क्लिपा नव्या घ्या, फिल्टरही. एक फुगलाय म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत. पाईप सायलेन्सरपासून लांब घ्या.

एवढं करूनही पहिल्या सेल्फला पकडत नसेल तर निडल आणि तिची सीट जोडीनं बदला, नुसती निडल नको. फ्लोटची लेव्हल गाडी सपाट जागेवर उभी करून बघायला सांगा, घाटाच्या उतारावर नाही.

गोदाकाठ, नांदेड

आमच्या ओमनीचा रिटर्न पाईप बघितला. तिथं कुणीतरी बोल्ट ठोकून ठेवलाय. हे काढू का राहू देऊ?

जुना गॅरेजवाला

काढा. पण आधी टाकीपर्यंतची नळी फुटलेली नाही ना ते बघा, कुणी गळती बंद करायलाच ठोकला असेल. फुटलेली असली तर नळी बदलूनच जोडा, आणि काम होईपर्यंत तंबाखू मळा, बिडी नको.