टचपट्टी, कळा आणि मालवणचा पावसाळा

मालवणात पाऊस लागला की लॅपटॉपच्या टचपट्टीवरून (कळांऐवजी असलेल्या स्पर्शाच्या पट्टीवरून) आवाज आपोआप वाढतो, अशी तक्रार असते. हा दोष दरवेळी सॉफ्टवेअरचा नसतो. बोट टेकल्यावर विद्युतधारितेत (वीजभार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा बदल पट्टी ओळखते. घाम आणि खारी ओल वीजवाहक, त्यामुळे तिला तोही स्पर्शच वाटतो. लॅपटॉप बंद करा, मायक्रोफायबरच्या फडक्याला ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून पट्टी पुसा (थेट फवारू नका), पूर्ण वाळल्यावरच सुरू करा.

ॲपलच्या २०१६च्या टचबारवाल्या (म्हणजे अशाच टचपट्टीच्या) मॅकबुक प्रोत एस्केप कळही पट्टीवरच गेली होती. तिथे सिस्टिम प्रेफरन्सेस, कीबोर्ड, मॉडिफायर कीज असं जाऊन कॅप्स लॉकला एस्केपचं काम द्या. २०१९च्या १६ इंचीत खरी एस्केप परतली, २०२१च्या १४ आणि १६ इंचीतून पट्टीच गेली. बरंच झालं! न बघता दाबता येत नाही ती कळ काय कामाची?

अर्थात खाऱ्या हवेत खऱ्या कळाही गंजतात. एकच कळ अडली तर आधी तिच्याखालचा कचरा बघा. काही ठरावीक कळा एकदम मेल्या तर त्यांची सामायिक वाहकरेषा (त्या कळांना जोडणारी एकच वीजवाट) किंवा रिबन केबल (कीबोर्ड जोडणारी चपटी तार) गेलेली असू शकते. तिथे पुसून भागत नाही. आणि कीबोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हर रात्री काढून ठेवा, खाली ओल कोंडते.