घाट उतरला की ब्रेकवर स्टिअरिंग थरथरते, डिस्क वाकली काय?

कपाशीवाला_अचलपूर: चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरलं, की सपाटीवर ८० च्या स्पीडला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. पाय काढला की बंद. हॅचबॅक आहे, समोर डिस्क, मागं ड्रम. गॅरेजवाला म्हणते डिस्क बेंड आहे, दोन्ही बदला. आपल्याकडच्या उन्हानं वाकते काय हो?

घाटपांडे४७: उन्हाचा संबंध नाही भाऊ. घाटात डिस्क दोनशे-तीनशे डिग्री सहज गाठते, तिथं आपल्या ४५ चं काय! बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच, तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते. शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला लागतो. उतार संपल्यावर तापल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलं, की डिस्कला दाबणाऱ्या पॅडचा मसाला तेवढ्याच जागी चिकटतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरा. थांबलंच तर सपाट जागा पाहा, गाडी गिअरात टाका आणि पेडल सोडा.

पाना_स्पॅनर: बदलायच्या आधी मोजून घ्या. चाक काढा, नट वॉशर लावून आवळा म्हणजे डिस्क हबवर (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) घट्ट बसते. डायल गेज (बारीक डगमग दाखवणारं काट्याचं मापक) डिस्कच्या काठापासून १० मिमी आत टेकवून एक फेरा फिरवा. ०.०५ मिमीच्या वर काटा हलला तर डिस्क काढून हबचा गंज वायर ब्रशनं साफ करा, एक भोक पुढं सरकवून बसवा आणि परत मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, हबवर तिथंच राहिली तर हबचा.

गंजाचा पापुद्रा राहिला किंवा पान्याला पाईप लावून नट वेडेवाकडे आवळले, तरी डिस्क किंचित तिरपी बसते. ब्रेक न मारताही तिची उंच जागा दर फेऱ्याला पॅडला घासते आणि झिजते, तिथली जाडी कमी होते. म्हणून थरथर लगेच येत नाही, काही हजार किलोमीटरनं येते, अन् दोष घाटावर जातो! नट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) आवळा. हॅचबॅकला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात.

कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिनाही पाहा, त्यांच्यावर तो सरकतो. रबर फाटलं की काळ्या मातीची धूळ आत जाते आणि पिन जाम होते. आतला-बाहेरचा पॅड सारखा झिजलेला नसेल तर तेच. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं.

कपाशीवाला_अचलपूर: लेथवर टर्निंग करून, म्हणजे डिस्क घासून सपाट करून, भागते काय? आणि मागचे ड्रम असतील तर?

पाना_स्पॅनर: ड्रम असेल तर हादरा सीटला, पेडलला जास्त येतो. मोकळ्या रस्त्यावर ४० ला हँडब्रेकचं बटण दाबून धरा, हलकेच ओढा. थरथर आली तर ड्रम.

टर्निंग चालते, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाऊ नका. निळे-काळे डाग असतील तर पैसे घालवू नका. तिथलं लोखंड टणक झालेलं असते, बाजूचं झिजते आणि तो डाग पुन्हा वर येतो.

घाटपांडे४७: नवी डिस्क घेतली तर तिचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसून पॅडही नवे टाका. मग ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या. आणि तापल्या चाकावर बादली ओतायची नाही.