मदत हवी आहे: मास्किंग टेप काढताना मटिल्डाचा रंग सोलून निघतोय

तिरपी_रेघ (धागाकर्ता)
मटिल्डा रणगाड्याचं (दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटिश) मॉडेल करतोय, कॉन्टर स्कीममध्ये, म्हणजे ब्रिटिशांचे वाळवंटातले तीन रंगांचे तिरके सरळ पट्टे. वाळूचा रंग मारला, सुकू दिला, टेप लावून दुसरा रंग मारला. टेप ओढला तर खालचा वाळूचा रंगही टेपबरोबर आला. डाव्या स्कर्टवर (चाकांवरून येणाऱ्या बाजूच्या चिलखतावर) रुपयाच्या नाण्याएवढा टवका गेलाय, बुरुजावर दोन लहान. टेप नवा आणि चांगला आहे, त्यामुळे "टेप बदला" सांगू नका. रविवारी मॉडेल टेबलावर मांडायचं आहे. हे बुजवायचं कसं? आणि तिसरा रंग निळा की राखाडी तेही एकदाचं सांगा, तीन जणांनी तीन उत्तरं दिली आहेत.

स्प्रूकटर
स्केल कुठलं? किट कुणाचं? रंग कुठले, थिनर कुठलं, प्रायमर मारला होता का? पहिल्या रंगानंतर किती तासांनी टेप लावला आणि तो किती वेळ चिकटून होता? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

ब्रशवाला
टेपच्या भानगडीत पडायचंच कशाला? व्हॅलेहोचे रंग आणि शून्य नंबरचा सेबलचा ब्रश घ्या. पेन्सिलीने पुसट रेघ आखा, आधी कड ओढा, मग आतला भाग भरा. पाण्याने पातळ केलेले तीन हात, प्रत्येक हातामध्ये वीस मिनिटं. काही सोलायचा प्रश्नच येत नाही.

तिरपी_रेघ
@स्प्रूकटर टामिया, १:३५, मार्क ३/४ चं किट. रंग टामियाचेच अ‍ॅक्रिलिक, एअरब्रशने. बाकी सगळं नेहमीसारखं.
@ब्रशवाला अर्धं मॉडेल एअरब्रशने झालंय, आता ब्रश नाही.

पस्तिसावा_हिस्सा
टेपऐवजी ब्लू टॅकच्या (पोस्टर चिकटवायच्या मऊ लगद्याच्या) शेवया लावा. तीन मिलिमीटर जाडीच्या वळायच्या, रेघेवर ठेवायच्या, मधली जागा पिशवीच्या प्लास्टिकने झाकायची. रंग उचलला जात नाही. गेली कित्येक मॉडेलं हीच पद्धत.

स्प्रूकटर
पस्तिसावा, ब्लू टॅकने कड मऊ येते. फवाऱ्याने रंगवलेल्या जर्मन गाड्यांना ते चालेल. कॉन्टरमध्ये सगळ्या रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ आणि कडक. तिथे मऊ कड दिसली की स्कीमच गेली. इथे टेपच हवा.
तिरपी_रेघ, "नेहमीसारखं" म्हणजे काय ते लिहा. आणि आधी एक करा: तो ओढलेला टेप टाकून दिला नसेल तर उलटा करून उजेडात धरा. चिकट बाजूला आलेल्या टवक्याचा जो पृष्ठभाग तुमच्याकडे आहे, तो मॉडेलच्या बाजूला होता. तो वाळूच्या रंगाचा आहे की करडा?

तिरपी_रेघ
टेप आहे. करडा आहे. सगळीकडे करडाच. आणि टवका गेला तिथे मॉडेलवर नुसतं प्लास्टिक दिसतंय.
प्रायमर करडा, मोटारीच्या सामानाच्या दुकानातला स्प्रेचा डबा. थिनर म्हणजे आयसोप्रोपिल. टेप दुसऱ्या दिवशी लावला, रात्रभर तसाच होता.

स्प्रूकटर
मग दोष वाळूच्या रंगाचा नाही आणि टेपचाही नाही. प्रायमरने प्लास्टिक धरलेलंच नाही. प्रायमर आणि रंग यांच्यात फट पडली असती तर टवका उलट बाजूने वाळूच्या रंगाचा दिसला असता आणि मॉडेलवर करडा शिल्लक राहिला असता. प्रायमर प्लास्टिक न धरण्याची कारणं मोजकी: साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल भागांवर राहिलं, बोटांचं तेल लागलं, किंवा डबा लांबून मारल्यामुळे प्रायमर हवेतच सुकून पिठासारखा बसला. भाग धुतले होते का? डबा किती अंतरावरून मारला?

तिरपी_रेघ
धुतले नाहीत. किट नवं होतं, स्वच्छ दिसत होतं. अंतर दीड फूट असेल, जवळून मारला तर ओघळ येतात म्हणून. दुरुस्ती सांगा ना.

आप्पा_शिरीष
दीड फूट म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर. तेवढ्या अंतरात पंख्याखाली अर्धा प्रायमर वाटेतच वाळतो. पंधरा ते वीस सेंटीमीटर ठेवायचं, हात सतत चालता, आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ. प्रायमर बसताना अर्धा सेकंद ओला चमकला पाहिजे, मग मॅट व्हायला पाहिजे. बसतानाच मॅट दिसला तर ते पीठ आहे. बोट फिरवा, खरखरीत लागेल.

हार्डवेअर_हेमंत
हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरने एकदा पुसून घ्या, सगळं स्वच्छ होईल आणि नव्याने सुरू करता येईल.

स्प्रूकटर
हेमंत, कृपा करून हे कुणाला सांगू नका. एनसी थिनर पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिकच, विरघळवतं. मटिल्डाच्या बुरुजावरचे बोल्ट आणि स्कर्टवरचे रिव्हेट दहा सेकंदांत गोल होतील, पातळ पत्र्याचे भाग वाकतील. बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं, तेही तसंच.

हार्डवेअर_हेमंत
कापसाने झरझर पुसलं तर काही होत नाही, मी पुसतो.

आप्पा_शिरीष
धातूच्या मॉडेलवर होत नसेल. प्लास्टिकवर होतं. विषय इथे संपवू या.
तिरपी_रेघ, सगळं उतरवायची गरज नाही. असं करा. आधी बाकीचा प्रायमर किती धरून आहे ते तपासा: दिसणार नाही अशा जागी, म्हणजे पोटाखाली, टेप दाबून लावा आणि ओढा. मग स्कर्टची मागची बाजू, मग इंजिनच्या झाकणाची कड. जिथे निघेल तिथलं सगळं आत्ताच टेपनेच निघू द्या, नंतर निघण्यापेक्षा बरं. मग टवक्याच्या कडा पाण्यात भिजवलेल्या १००० नंबरच्या पॉलिशपेपरने उतरत्या करा, शेवट १५०० ने. बोटाच्या टोकाने चाचपा. पायरी बोटाला लागली तर रंगाखालूनही दिसेल, विशेषतः वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) लावला की. रिव्हेटवर पेपर नेऊ नका, त्यांच्या भोवती टूथपिकच्या टोकाला पेपरचा तुकडा चिकटवून घासा.

मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात, जुना मऊ टूथब्रश, उघडी जागा धुवा, साध्या पाण्याने धुवा, वाळू द्या. यानंतर त्या जागेला बोट नको. प्रायमर डब्यातून बाटलीच्या झाकणात काढा, अर्धा तास उघडा ठेवा म्हणजे त्यातला वायू निघून जाईल, आणि एअरब्रशने फक्त टवक्यावर मारा. हे आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर करून बघा. मोटारीचे काही प्रायमर इतके तिखट असतात की प्लास्टिक संत्र्याच्या सालीसारखं होतं.

लाल_बावटा
यात सगळ्यांनी आयसोप्रोपिलकडे दुर्लक्ष केलं. नुसत्या आयसोप्रोपिलने पातळ केलेला टामिया आपल्याकडच्या उन्हाळ्यात नोझलच्या टोकावरच वाळतो. टामियाच्या पिवळ्या झाकणाचा लॅकर थिनर वापरा, रंग एक भाग, थिनर दीड भाग, दाब १५ पीएसआयच्या आसपास. रंग प्रायमरमध्ये मुरतो आणि टेपला दाद देत नाही.

स्प्रूकटर
लॅकर थिनरचं बरोबर आहे, पण या टवक्याचं कारण ते नाही. टेपवर करडा आलाय.

लाल_बावटा
पुढच्या रंगांसाठी सांगतोय.

डेकल_डोंबिवली
डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावताना आधी ग्लॉसचा थर विसरू नका. मॅट रंगावर थेट लावलं की खाली हवा अडकते आणि कडेने रुपेरी दिसतं. ग्लॉस, मग मायक्रो सेट, डेकल, मायक्रो सोल (ही दोन्ही डेकल नीट बसवायची द्रावणं), रात्रभर वाळवून वर मॅट. पावसाळ्यात मॅट वार्निश मारू नका, दमट हवेत पांढरं धुकं येतं.

तिरपी_रेघ
डेकल अजून लांब आहेत. निळ्याचं कुणीच बोललं नाही.

वाळवंटी_उंदीर
राखाडी. या स्कीमच्या लष्करी आज्ञेतली नावं ब्रिटिश स्टँडर्डच्या रंगतक्त्यातली होती: आधाराला लाइट स्टोन ६१ किंवा पोर्टलंड स्टोन ६४, मग सिल्व्हर ग्रे २८, आणि सगळ्यात गडद स्लेट ३४. या यादीत निळा नाहीच. सिल्व्हर ग्रे हा हिरवट राखाडी आहे. शेजारी पिवळट वाळूचा रंग आला की डोळ्याला तो थंड, निळसर वाटतो, जुन्या फोटोंत तर काहीच कळत नाही. त्यात इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधली मटिल्डा बराच काळ फिकट निळ्या पट्ट्यांत उभी होती, तिला बघून किटांचे खोके आणि मॉडेलं निळी झाली.

पस्तिसावा_हिस्सा
म्युझियमने रंगवलं म्हणजे काहीतरी आधार असेलच ना? निळा छान दिसतो, शिवाय बघणारे ओळखतात.

वाळवंटी_उंदीर
म्युझियमने नंतर दिलेला थर म्हणजे १९४१ चा पुरावा नाही. छान दिसणं हा वेगळा मुद्दा आहे, पण विचारणाऱ्याला खरा रंग हवाय. टामियात सुरुवात म्हणून: पोर्टलंडला एक्सएफ-५७ मध्ये एक्सएफ-२ पांढरा आणि टोकभर एक्सएफ-३ पिवळा. सिल्व्हर ग्रेला एक्सएफ-७६ मध्ये थोडा पांढरा. स्लेटला एक्सएफ-६५. हे डोळ्याने जुळवलेलं आहे, तक्ता नाही. तिन्ही रंग एकाच स्प्रूवर शेजारी शेजारी मारून दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच मॉडेलवर जा.

नगरकर
मटिल्डा प्रत्यक्ष बघायची असेल तर बोव्हिंग्टनला जायला नको, आमच्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आहे. व्हॅलेंटाइन आणि चर्चिलही आहेत. रंगासाठी उपयोग नाही, पण स्कर्टवरच्या चिखल पडायच्या उतरत्या खिडक्या कशा आहेत आणि ओतीव पोलादाचा पोत कसा दिसतो ते बघून घ्या. किटवर तो पोत कमी वाटला तर टामियाचा पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) ब्रशने लावून ताठ केसांच्या ब्रशने ठोका. अर्थात हे रंगाच्या आधी.

मराठा_एलआय
रंगाच्या निमित्ताने एक. मटिल्डा फक्त लिबियातली धरू नका. ९ डिसेंबर १९४० ला इजिप्तमधल्या निबेवाच्या इटालियन छावणीवर सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मटिल्डांबरोबर चौथ्या भारतीय डिव्हिजनची अकरावी ब्रिगेड होती. मार्च १९४१ मध्ये इरिट्रियात केरनला चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मटिल्डा होत्या, आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये तिसरी मराठा पलटण. डायोरामा करणार असाल तर पायदळ भारतीय ठेवता येईल.

तिरपी_रेघ
डायोरामा नाही, नुसती गाडी. पोटाखाली टेप ओढला, तिथेही करडा निघाला. स्कर्टच्या मागून बराच निघाला. इंजिनच्या झाकणावर घट्ट आहे.

आप्पा_शिरीष
म्हणजे डबा मारताना पोट आणि बाजू लांब पडल्या, माथा जवळ होता. पोटाखालचं सोडून द्या, कुणी उलटं करून बघत नाही. दोन्ही स्कर्टवरचं मात्र सगळं उतरवा आणि एकाच वेळी प्रायमर करा. अर्धा जुना, अर्धा नवा ठेवलात तर पुढच्या टेपला पुन्हा तेच. बुरुजावर फक्त दोन टवके.

स्प्रूकटर
आणि टेप लावण्याआधी तो काचेवर दोनदा चिकटवून सोडवा, चिकटपणा कमी होतो. लावल्यावर फक्त कड टूथपिकने दाबा, बाकी टेप सैल राहिला तरी चालेल. कडेवर आधी खालचाच रंग, म्हणजे वाळूचाच, एक पातळ फवारा द्या. कुठे फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि वरचा रंग आत झिरपत नाही. वरचा रंग बोटाला लागेनासा झाला की टेप काढा, रात्रभर ठेवू नका. काढताना वर ओढायचा नाही, स्वतःवरच दुमडून पृष्ठभागाला लागून मागे न्यायचा, कडेपासून बाहेर.

ब्रशवाला
एवढं सगळं करण्यापेक्षा ब्रश.

तिरपी_रेघ
स्प्रूवर करून बघितलं. साबणाने धुतलेल्या तुकड्यावर वीस सेंटीमीटरवरून प्रायमर, वर वाळूचा रंग, रात्रभर वाळवून टेप. काहीच आलं नाही. न धुतलेल्या तुकड्यावर त्याच अंतरावरून मारला तर कडेला थोडा निघाला. दोन्ही स्कर्ट उतरवले, धुतले, प्रायमर झाला. आता बुरुजावरच्या रेघा हलच्या (बुरुजाखालच्या धडाच्या) रेघांशी कशा जुळवायच्या? बुरुज वेगळा काढून रंगवू का?

वाळवंटी_उंदीर
वेगळा काढू नका. तोफ सरळ पुढे करून बुरुज जागेवर बसवा, हलवर जी तिरकी रेघ संपते ती बुरुजावर त्याच कोनात पुढे चालू ठेवून एकाच सलग टेपने आखा. डावी आणि उजवी बाजू एकमेकींचा आरसा नाही, दोन्ही बाजूंची चित्रं समोर ठेवा. रेघ ठरली की बुरुज काढून कड दाबा आणि मग फवारा.

तिरपी_रेघ
ठीक. आज रात्री स्लेट मारतो.