खोटे अडथळे, खोटे अलर्ट

असं म्हणतात की स्वयंचलित गाड्यांची शर्यत असो की नेटवर्क मॉनिटरिंग, सेन्सर जितके जास्त तितकं चित्र स्पष्ट. मला हे पटत नाही. २००५ ची डार्पा ग्रँड चॅलेंज ही चालकाविना गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'स्टॅन्ली' या गाडीच्या टपावर अंतर मोजणारे पाच लेझर होते, आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. गाडी हादरत असताना एकाच जागेची दोन मोजमापं थोड्या अंतराने घेतली, की झुकावाच्या अंदाजातली बारीक चूक सपाट जमिनीवर नसलेला अडथळा उभा करते. त्यावर उपाय काय, तर दोन मोजमापांमध्ये वेळ जितका जास्त गेला, तितका उंचीतल्या फरकावर विश्वास कमी. तो किती कमी करायचा हेही गाडी शिकली: माणसाने ती चालवून दाखवली, चाकांखालून गेलेली जमीन मोकळी, म्हणजे अडथळा नसलेली, धरली.

नेटवर्कमध्ये हेच रोज होतं. लिंकच्या दोन टोकांचे पॅकेट काउंटर, म्हणजे डेटाचे किती तुकडे गेले-आले याचे आकडे, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलने पोल होतात (विचारले जातात), पण एकाच क्षणी नाही. मधल्या काही सेकंदांत ट्रॅफिक उसळला की दोन आकड्यांच्या वजाबाकीत पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) दिसतो, रात्री दोनला ऑनकॉलवाल्याचा, म्हणजे ड्युटीवरच्या इंजिनिअरचा, फोन वाजतो आणि लिंक मात्र ठणठणीत असते! आमच्याकडे नवे प्रोब (मोजमाप करणारी साधनं) लावून हे थांबलं नाही. आधी सगळ्या राउटरची घड्याळं एनटीपीवर (घड्याळं जुळवणाऱ्या प्रोटोकॉलवर) आणली, मग वाचनांमधली वेळेची तफावत वाढली की अलर्टची मर्यादाही सैल होईल असं केलं. तेव्हा कुठे अलर्टवर लोकांचा विश्वास बसायला लागला.