आमच्या गावाचा बूथनिहाय निकाल कुठे मिळेल?

खानापूरकर: २०२३ च्या कर्नाटक विधानसभेचा मतदारसंघाचा निकाल आहे माझ्याकडे. गावात महाराष्ट्र एकीकरण समितीला किती मतं पडली ते हवंय. शिवाय डिपॉझिटचा हिशेब नेमका कसा करतात?

मतमोजणी_टेबल: 'फॉर्म २०' बघा, म्हणजे बूथवार मतांचा अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार पीडीएफ असते. त्यात गावाचं नाव शोधत बसू नका, बूथ क्रमांकच असतात. आधी मतदार यादीवरून आपला भाग क्रमांक काढा, सहसा तोच बूथ क्रमांक असतो. मोठ्या गावाचे तीन-चार बूथ असतात, सगळे बेरजेत धरा. टपाली मतं शेवटी एकत्रच दाखवतात, ती गाववार कधीच मिळत नाहीत. आणि २०१८ शी तुलना करताना सांभाळून, क्रमांक बदललेले असू शकतात. लोक इथेच फसतात.

सीमाभाग_वाचक: डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. नोटा त्यात धरत नाहीत. १,५०,००० वैध मतं असतील तर २५,००० पुरत नाहीत, २५,००१ हवीत.

खानापूरकर: आणि आमच्या मतदान एजंटाकडच्या फॉर्म १७सी शी, म्हणजे बूथवर झालेल्या मतदानाच्या हिशेबाशी, आकडा जुळला नाही तर?

मतमोजणी_टेबल: एजंटाला मिळतो तो पहिला भाग, त्यात फक्त एकूण मतदान असतं, उमेदवारवार काही नाही. फरकाचं नेहमीचं कारण म्हणजे सकाळच्या चाचणी मतदानाची मतं यंत्रातून पुसायची राहणं. असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात.

खानापूरकर: बरं, भाग क्रमांक काढतो आधी.